पहिलं स्वतःचं कलेक्शन करायचंय, पण जे काढते ते दुसऱ्याचंच दिसतं

कच्चेटाके
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली. गेली चार वर्षं मी लोकांचे कपडे शिवतेय, म्हणजे लोक फोटो दाखवतात आणि मी तसं शिवून देते, हात बऱ्यापैकी बसलाय. आता स्वतःचं असं छोटं कलेक्शन करायचंय, फार नाही, सहा आउटफिट. तीन महिने झाले ठरवून. थीम ठरवली समुद्र. पिंटरेस्टवर बोर्ड केला, त्यात १४०० च्या वर पिना झाल्यात, आणि चाळीसेक स्केचेस काढलीत. पण प्रॉब्लेम असा की प्रत्येक स्केच बघितलं की वाटतं हे कुठंतरी बघितलंय, आणि खरंच बघितलेलंच असतं, बोर्डावर शोधलं की सापडतं!! मला कॉपी करायची नाहीये पण हात आपोआप तिकडेच जातो. तुम्हाला प्रेरणा मिळते कुठून? का मी ओरिजिनल नाहीच, नुसती टेलर आहे, असं समजून गप्प बसू?

उलटी_टीप
वाचतेय. माझीही हीच बोंब आहे, फक्त माझ्या पिना ९०० आहेत.

मांजरपाट
"नुसती टेलर" हा शब्द आधी मागे घे बरं. डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीननं सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि लंडनच्या सॅव्हिल रो वर, म्हणजे सूट शिवणाऱ्या टेलरांच्या गल्लीत, कोट शिवायला लागला, पुढं त्यानं जे काही उलटंपालटं केलं ते सुलटं आधी हातात होतं म्हणून जमलं. तुझ्याकडे चार वर्षांचा हात आहे, ज्यांच्याकडे नुसत्या कल्पना असतात त्यांच्यापेक्षा तू पुढंच आहेस.

आता मुद्द्याचं. समुद्रातलं काय? समुद्र ही थीम नाही गं, ती दिशा झाली. समुद्राचा आवाज, वास, मीठ सुकून कापडाला येणारा कडकपणा, होडीच्या दोराच्या गाठी, काय नक्की? आणि दुसरा प्रश्न, त्या १४०० मध्ये कपड्यांचे फोटो किती आहेत? माझा अंदाज आहे निम्म्याहून जास्त. कपडे बघून कपडे काढलेस तर कपड्यांची कॉपीच होणार, त्यात तुझा दोष नाही, कारण तो फोटो म्हणजे दुसऱ्या कुणीतरी आधीच सोडवलेलं गणित आहे, तुला करायला काही उरतच नाही.

माझं आवडतं उदाहरण देतो. मारियानो फॉर्च्युनी, कपड्यांचा डिझायनर, व्हेनिसमध्ये काम करायचा. ग्रीसमध्ये डेल्फीला १८९६ साली एक ब्राँझचा पुतळा सापडला होता, रथ हाकणाऱ्याचा, पायघोळ अंगरखा घातलेला, त्याच्या चुण्या अगदी खांबावरच्या खाचांसारख्या सरळ उतरतात. फॉर्च्युनीच्या चुण्यांच्या रेशमी डेल्फॉस गाऊनचं नाव त्यावरूनच. १९०९ मध्ये त्यानं पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. पण पुतळा बघून त्यानं पुतळ्याचा ड्रेस नाही केला. ब्राँझमध्ये चुण्या कायमच्या असतात, मग रेशमात कायमच्या कशा आणायच्या, या प्रश्नाच्या मागे लागला. ती चुण्या घालायची पद्धत आजही कुणाला पूर्ण उलगडलेली नाही. कडेला दोरीत मुरानो काचेचे मणी ओवलेले, शोभेला आणि वजनालाही, म्हणजे तलम कापड अंगावर नीट पडावं. आणि गाऊन ठेवायचा कसा, तर लोकरीच्या लडीसारखा पिळून गोल डब्यात!
म्हणजे पुतळ्यातून त्याला एक प्रश्न मिळाला, बाकी सगळं त्याचं त्यानं शोधलं. तुझा प्रश्न काय आहे ते शोध.

कच्चेटाके
मांजरपाट, कपड्यांचे फोटो मोजले. ११०० च्या आसपास आहेत. 🙈
समुद्रातलं काय म्हणाल तर… निळा-हिरवा रंग, लाटा म्हणजे झालरी, शिंपले म्हणजे मोती आणि चमक. लिहिताना मलाच कळतंय की हे शाळेच्या गॅदरिंगसारखं होतंय.

तिरकी_कात्री
बरं झालं तूच म्हणालीस, नाहीतर मी म्हणणार होते आणि मग मला सगळे खडूस म्हणतात.
लाट = झालर हे जगातल्या प्रत्येकाला सुचतं. पहिल्या दहा मिनिटांत जे सुचतं ते लिहून काढायचं आणि फाडून टाकायचं, कारण ते तुझं नसतंच, ते हवेतलं असतं. माझी एक सवय सांगते, नामाऐवजी क्रियापद पकडायचं. समुद्र नको. झिजणं, गंजणं, ओहोटणं, गाळ साचणं, फुगणं. क्रियापद घेतलं की कापडावर काहीतरी *करावं* लागतं, नुसतं चिकटवून भागत नाही.

डिझायनर हुसेन चालायननं १९९३ मध्ये शिक्षण संपतानाच्या कलेक्शनचे कपडे लोखंडाच्या चुऱ्यासकट जमिनीत पुरून ठेवले आणि नंतर उकरून काढले. गंज चढलेले. त्याचं क्रियापद "पुरणं". आता तू जाऊन कपडे पुरू नकोस, ते झालं आता, पण विचार कसा चाललाय ते बघ. गंजाचं प्रिंट त्याला मारता आलं असतं की सरळ. नाही मारलं.

बटणकाज
मी जरा वेगळं बोलतो, रागावू नका. हे सगळं पुतळे आणि गंज वगैरे ऐकायला छान आहे पण कपडे शेवटी कुणीतरी घालायचे असतात ना? मी रेडिमेडमध्ये काम करतो, आमच्याकडे कलेक्शन सुरू होतं ते मागच्या सीझनला काय खपलं आणि काय पडून राहिलं या यादीवरून. मग रंगांचे फोरकास्ट, मग कापड काय उपलब्ध आहे, आणि शेवटी प्रेरणा, ती पण बऱ्याचदा सगळं झाल्यावर मार्केटिंगवाले लिहितात. ताईंनी आधी ठरवावं की बाई कोण आहे, ती दिवसभर काय करते, बसते की उभी असते, बसनं जाते का, खिसे लागतात का. समुद्र नंतर.

तिरकी_कात्री
@बटणकाज, फोरकास्टवरून केलं की सगळ्यांचं सारखंच होणार, तिची तक्रार नेमकी तीच आहे.

मांजरपाट
तिरके, थांब जरा, बटणकाजच्या म्हणण्यात दम आहे. फोरकास्ट सोड, पण "बाई काय करते" हा प्रश्न पुतळ्याइतकाच मोठा आहे. शनेलनं पहिल्या महायुद्धाच्या काळात जर्सी वापरलं, जे तोवर मुख्यतः पुरुषांच्या आतल्या कपड्यांचं विणलेलं कापड होतं. लढाईत कापडाची टंचाई होती, बायकांची धावपळ वाढली होती, आणि जर्सीला कडक शिवण सोसत नाही म्हणून कट आपोआप साधा झाला. अमेरिकेत डिझायनर क्लेअर मॅकार्डेलनं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात असंच केलं, १९४२ चा तिचा पॉपओव्हर ड्रेस घरकाम करता करता घालायचा, गुंडाळून बांधायचा, सोबत एक ओव्हन मिटसुद्धा. चामड्याच्या बुटांवर रेशन आलं तर तिनं मॉडेलना बॅलेच्या चपट्या सपाता घातल्या. टंचाईनं त्यांना जे सुचवलं ते कुठल्या मूडबोर्डनं सुचवलं नसतं.

त्यामुळे कच्चेटाके, तुझी बंधनं पण लिहून काढ. मशीन कुठलं आहे, कुठलं कापड किती पडलंय, ओव्हरलॉक आहे का. ती यादी बोर्डाशेजारी लाव.

उसवाउसवी
आयडीवरून कळलंच असेल, माझा उपाय एकच, उसवा!!
जुना कोट, जुना शर्ट, रेनकोट, बॅग, काही चालेल, एक एक टीप काढत जायचं आणि तुकडे जमिनीवर मांडायचे. आपण कपडा नेहमी अंगावर बघतो, सपाट तुकडे बघितले की धक्का बसतो, कोटाच्या बाहीचे दोन तुकडे तर केळ्यासारखे वाकडे असतात आणि त्यातूनच हात आपोआप पुढं झुकलेला बसतो. मॅकार्डेलचं नाव निघालंच आहे तर, तिनं पॅरिसला शिकत असताना तिथल्या डिझायनर मादलेन व्हिओनेचे कपडे विकत घेऊन उसवून बघितले होते. आणि व्हिओने स्वतः काय करायची, तर छोट्याशा लाकडी बाहुलीवर कापड उरेप, म्हणजे तिरकं, धरून बेतायची, कागदावर चित्रं काढत बसायची नाही. मला चित्र काढता येत नाही त्यामुळे हे वाचून मी आनंदानं उडीच मारली होती.

उसवायला काही नसेल तर म्युझियमच्या साइट्स आहेत. न्यूयॉर्कच्या मेटनं २०१७ मध्ये पावणेचार लाखांच्या वर फोटो सगळ्यांना वापरायला मोकळे केले, लंडनच्या व्ही अँड ए च्या साइटवर पण कपड्यांचे तपशील मिळतात. तिथं पूर्ण ड्रेसचा फोटो बघून पुढं जाऊ नका, पाठ, आतली शिवण, बटणं असा क्लोजअप असेल तर तो शोधा, खरी गंमत तिथं असते.

उलटी_टीप
मी आत्ता एक जुना शर्ट उसवायला घेतला आणि तो जुना नव्हता असं घरातून कळलं. 😐

रेघोटी
एक भर घालते. बोर्ड डिलीट करू नकोस. त्यातले कपड्यांचे फोटो बाजूला काढ, उरलेले तीनशे असतील ना, ते छोटे छोटे प्रिंट करून जमिनीवर पसर आणि उभं राहून बघ. तू समुद्र म्हणून साठवलेस, पण डोळ्यानं कशासाठी साठवलेत ते वेगळंच असू शकतं. काय परत परत येतंय ते बघ. माझं एकदा "बाग" असं चाललं होतं आणि बघते तर निम्म्या फोटोंत फुलं नाहीत, काठीला बांधलेल्या वेली आहेत. मला बागेशी काही देणंघेणंच नव्हतं, मला बांधण्याशी होतं.

आणि एक काळजी. दुसऱ्यांच्या भरतकामातून, विणकामातून घ्यायचा मोह होतो, "प्रेरित" म्हणून. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या संस्कृती खात्याच्या मंत्रीबाईंनी कॅरोलिना हेरेराच्या फॅशन हाउसला पत्र लिहून विचारलं होतं की आमच्या गावागावांतले हे नक्षीकाम कुठल्या आधारावर वापरलंत आणि त्याचा फायदा त्या लोकांना होणार का. एखाद्या समाजाची खूण असलेली नक्षी उचलायची असेल तर निदान त्यांचं नाव घ्यावं, त्यांना कामात आणि पैशात घ्यावं. पुतळ्याला विचारावं लागत नाही, जिवंत माणसाला लागतं.

बटणकाज
+१ रेघोटी. उभं राहून बघायचं हे आमच्याकडे पण करतात, मोबाइलवर फोटो एकापाठोपाठ एक येतात, शेजारी शेजारी येत नाहीत.

कच्चेटाके
बारा दिवसांनी येतेय, सॉरी, पण मला खूप लिहायचंय.

रेघोटीचं ऐकलं. २९० फोटो निघाले, प्रिंट केले, खोलीभर पसरले आणि खुर्चीवर उभी राहिले. आधी काहीच दिसेना, निळं निळं निळं. मग लक्षात आलं की किनाऱ्याचे जे फोटो आहेत त्यात कुठंतरी कोपऱ्यात मिटलेल्या छत्र्या आहेत, वाळूत रोवलेल्या मोठ्या छत्र्या असतात ना, संध्याकाळी मिटून पट्ट्यानं बांधलेल्या. आणि होड्यांचे फोटो घेतलेत ते पण शिडं गुंडाळून दोरीनं आवळलेली अशाच होड्यांचे. उघडं शिड एकाही फोटोत नाही!! मोजलं तर चाळीस-एक फोटोंत काहीतरी मिटलेलं, गुंडाळलेलं, आवळलेलं आहे. मी हे ठरवून केलं नव्हतं. मला एकदम रडूच आलं, हसू नका.

म्हणजे क्रियापद मिळालं, मिटणं. तिरकी_कात्री, तुझे आभार.

मग घरातली मोडकी छत्री घेतली, दोन काड्या वाकलेली, आणि उसवाउसवीचं स्मरण करून उसवली. आठ कळ्या, म्हणजे कापडाचे निमुळते तुकडे, निघाल्या. मला वाटलं होतं सरळ त्रिकोण असतील, पट्टी लावून बघितली तर बाजू सरळ नाहीच, हलकासा बाक आहे, आणि तो घुमट त्या बाकातून येतो. कापड काड्यांना फक्त तीन-चार जागी टाक्यांनी धरलेलं असतं, बाकी सगळं ताणावर उभं. आणि मिटल्यावर दोन शिवणींच्या मधलं कापड सुटं होऊन बाहेर लोंबतं, ते आपण हातानं एका दिशेला गुंडाळतो आणि पट्ट्याचं बटण लावतो. इतक्या वर्षांत हजार वेळा हे केलंय आणि कधी बघितलंच नव्हतं.

मांजरपाटचा "प्रश्न" आता असा झालाय: अंगावर असताना मिटता आणि उघडता येईल असा कपडा कसा बेतायचा? एक स्कर्ट डोक्यात आहे, आठ कळ्यांचा, मिटला की अंगाभोवती गुंडाळून एका पट्ट्यानं बंद, पट्टा सोडला की चालता येईल इतका घेर. बटणकाज, बसमध्ये चढताना उघडायचा, गर्दीत उभं राहायचं तर मिटायचा, चालेल का तुमच्या बाईला?

बटणकाज
धावेल! पण पट्ट्याला बटण नको, एका हातानं लागलं पाहिजे, दुसऱ्या हातात बॅग असते. प्रेस बटण द्या. आणि खिसा द्याच.

तिरकी_कात्री
आता झालं काहीतरी. एकच सांगते, सहाच्या सहा आउटफिटची छत्री करू नकोस. आणि छत्री दिसता कामा नये, मूठ, काड्या, पावसाचं प्रिंट असलं काहीही आणलंस तर मी इथं येऊन भांडेन. बघणाऱ्याला "छान आहे, पण हे बंद कसं होतं?" एवढंच वाटलं पाहिजे. सेंट लॉरांनं १९६५ मध्ये चित्रकार मोंद्रियानच्या, काळ्या रेघा आणि रंगीत चौकोनांच्या चित्रांवरून ते प्रसिद्ध ड्रेस केले, ते चित्रासारखे दिसतात म्हणून सगळ्यांना माहीत, पण त्यात छापलेलं काही नाही. लोकरीच्या जर्सीचे वेगवेगळ्या रंगाचे तुकडे जोडलेत आणि अंगाचा आकार द्यायला लागणारी शिवण त्या काळ्या रेघांच्या जोडांत लपवलीय. चित्राच्या रेघेला त्यानं शिवणीचं काम दिलं. तुझ्या काड्यांच्या जागी शिवणी आहेतच, त्यांना काय काम देतेस ते बघ.

मांजरपाट
वा! दोन गोष्टी सुचवतो.

एक, कापड. छत्रीचं कापड हलकं, घट्ट विणीचं, कुरकुरीत असतं म्हणून घडी उभी राहते. लोळणाऱ्या कापडात हीच कळी कापलीस तर मिटल्यावर नुसतं चिरगुट दिसेल. आधी तीन वेगळ्या कापडांत एकेक कळी कापून मिटून बघ. जपानी डिझायनर इस्सी मियाकेच्या प्लीट्समध्ये (चुण्यांच्या कपड्यांत) कपडा आधी अडीच-तीन पट मोठा बेतून शिवतात, मग कागदांच्या मध्ये ठेवून उष्णतेनं दाबून चुण्या घालतात, पॉलिएस्टर असल्यामुळे त्या तशाच राहतात. १९९३ मध्ये प्लीट्स प्लीज हा ब्रँड सुरू करायच्या आधी त्यानं ते नृत्यदिग्दर्शक विल्यम फोर्साइथच्या नर्तकांना घालायला दिलं होतं, उड्या मारून टिकतंय का बघायला. तू पण घालून बघ, जिने चढ, बस, वाक.

दोन, मोजमाप. छत्रीची कळी आहे तशी घेऊ नको, लहान-मोठी करून बघ. डिझायनर मार्जिएलानं १९९४ मध्ये बाहुलीचे कपडे ५.२ पट मोठे करून माणसाच्या मापात आणले, तर बटणं आणि चेन अवाढव्य आणि वीण दोरखंडासारखी जाड. प्रमाण बिघडवलं त्यातूनच नवीन दिसलं. तुझी एकच कळी स्कर्टला हातभर, कॉलरला चार बोटं, बाहीला मधलं काहीतरी, असं केलंस तरी सहा आउटफिट एका घरातले वाटतील.

उलटी_टीप
मी ९०० पिना प्रिंट केल्या. सगळीकडे जिने आहेत. मी घाबरलेय.

रेघोटी
घाबरू नकोस, नवा धागा काढ. :)

कच्चेटाके
अपडेट. स्कर्टचं मांजरपाटातलं ट्रायल झालं (आयडी नव्हे, कापड). मिटतो! पट्टा मात्र कमरेपाशी लावला तर मिटल्यावर पाऊलच टाकता येत नाही, गुडघ्याच्या वरच्या बाजूला, थोडा तिरका लावला तर जमतं. पांढऱ्या सुताला स्टार्च केलं तेव्हा घडी उभी राहिली, खऱ्या कपड्यासाठी घट्ट विणीचं सुती बघतेय, रंग राखाडी आणि विटका पिवळा, निळा एकही नाही. जुनी स्केचेस ठेवलीत पण बघत नाही. सहातली एक नुसती साधी पँट केलीय, सगळंच मिटायला लागलं तर डोकं फिरेल बघणाऱ्याचं.

आता अडलेय ते बाहीवर. बाही पाच कळ्यांची आहे, टोकं खांद्यावर एका जागी येतात, आणि तिथं पाच शिवणींची मिळून इतकी जाडी होते की मशीनची सुई दोनदा मोडली. माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) कमी केली तर टोक उसवतंय. टोकं आखूड करून गोल पट्टी लावली तर छान दिसत नाही, ठिगळ वाटतं. काय करू?

उसवाउसवी
अगं छत्रीलाच विचार की! तिच्या टोकाला तर आठ शिवणी एकत्र येतात. तू कापड काढलंस तेव्हा वर काय होतं?

कच्चेटाके
थांबा, पिशवीत ठेवलंय सगळं, बघून येते.

कच्चेटाके
बघितलं. कळ्यांची टोकं एकमेकांना भिडतच नाहीत! मधे दांडा जायला छोटं भोक सोडलंय, आतून कापडाची बारकी गोल चकती आहे, आणि वरून टोपी. म्हणजे मी टोकं उगाच एका बिंदूत आणत होते. भोक ठेवते बोटाच्या पेराएवढं, आतून चकती हातशिलाईनं, आणि वर टोपीच्या जागी कापड मढवलेलं एक बटण, म्हणजे बाही तिथून फिरवून मिटता पण येईल. उद्या सकाळी कापते.

बटणकाज
बटण मी देतो. माप कळवा.